थोरली अकरा इंचांनी उंच झाली

तीर्थस्वरूप मावशीस,

आत्ताच गाडीखालून बाहेर आलेल्या तुझ्या भाच्याचा, हात धुऊन, साष्टांग नमस्कार. (हात दोनदा धुतले आहेत. तरीही कागदाच्या कोपऱ्यात जो काळा अंगठा उमटला आहे तो ग्रीसचा. त्याला माझी सही समज.)

तुझ्या खुब्याचं हाड आता काय म्हणतं? ती चार पायांची काठी चालायला वापरतेस, की अजून तिच्यावर टॉवेलच वाळत घालतेस? मी चालत वर आलो होतो तेव्हा तिच्यावर टॉवेल होता, हे मी आईला सांगितलेलं नाही, माझे उपकार मान. मांजरीला पिल्लं झाली का? आम्ही दोघं ठीक. आईचे गुडघे पूर्वीसारखेच, म्हणजे सकाळी उजवा आणि संध्याकाळी डावा. माझं शिवणकामाचं दुकान ठीक, मी ठीक. (माझ्यासाठी बघितलेल्या स्थळाबद्दल या पत्रात काहीही नाही, उगाच शेवटपर्यंत शोधत बसू नकोस.) फोन का केला नाही असं विचारशील, तर मागचा फोन आठव. तुला ऐकू येत नव्हतं, आईला रडू आवरत नव्हतं, आणि मध्ये उभा राहून मी एकदा इकडे आणि एकदा तिकडे "काय? काय?" असं ओरडत होतो. त्यापेक्षा पत्र बरं. तुझी पत्रं आई चहा झाल्यावर मला मोठ्यानं वाचून दाखवते. हातात मात्र देत नाही, म्हणते, दोघी बहिणींमधलं काही असतं त्यात.

तर पत्राचं कारण थोरली. तू तिला ओळखतेसच, पण हल्ली बघितलीस तर ओळखणार नाहीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. बाबांची ती जुनी जीप माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून बाबा तिला थोरली म्हणायचे आणि मला धाकटा. आई तिला सवत म्हणायची. बाबा जमीन मोजायला रानोमाळ हिंडायचे ते तिच्यातून, आणि घरी आले की आधी तिची विचारपूस, मग आमची. बाबा गेले तेव्हापासून ती शेडमध्ये चादर पांघरून उभी होती. मी दुकानात जाताना त्या बाजूला बघायचो नाही. खरं सांगतो, भीती वाटायची. चादरीखाली तिचा आकार थेट ते दुपारचे झोपायचे तसा दिसायचा.

बाबा गेले तेव्हा सगळे आले, मावशी, तूच तेवढी आली नाहीस. येणार कशी? त्याच आठवड्यात ओढ्यानं रस्ता नेला होता. मग रस्ता होईल होईल म्हणता तू पडलीस. दोन वर्षं झाली. भाड्याच्या गाड्या ओढ्याशी येतात, ते धोंडे बघतात आणि तोंड फिरवतात. तुला खाली आणता येत नाही, आईला चालवत वर नेता येत नाही, आणि दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं तेवढं राहून गेलं आहे. आई हे बोलून दाखवत नाही. पण तुझं नाव निघालं की तिला कपाटातलं काहीतरी आठवतं आणि ती आतल्या खोलीत जाते. कपाटात काही नसतं, मी बघितलं आहे.

म्हणून त्या दिवशी वर येताना मी टेप घेऊन आलो होतो. (तू विचारलंस, गळ्यात टेप कशाला. मी म्हटलं, सवय. खोटं बोललो.) ओढ्यातले सगळे धोंडे मी मोजले. वडील जमीन मोजायचे, मी माणसं मोजतो, धोंडे मोजायला काय लागतं? रस्त्यात आडवा येणारा सगळ्यात उंच धोंडा दहा इंच. घरी येऊन चादर काढली, मनात बाबांची माफी मागितली आणि थोरलीच्या पोटाखाली, म्हणजे दोन चाकांमधल्या आसाच्या गोळ्याखाली, टेप घातला. आठ इंच. म्हणजे दोन बहिणींच्या मध्ये उभे होते फक्त दोन इंच! मला इतका राग आला की मी तसाच उठून मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे चौकातला गाड्या दुरुस्त करणारा, बाबांचा जुना दोस्त. हा माणूस बोलत नाही. फक्त "हं" म्हणतो, पण त्यात प्रकार आहेत. आखूड हं म्हणजे ऐकलं. लांब हं म्हणजे तू गाढव आहेस. आणि नाकातून आलेला हं म्हणजे काम होईल, कधी ते विचारू नकोस. मी म्हटलं, दोन इंच वर उचलायची. त्यानं लांब हं दिला आणि जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. हे पोट चाकांच्या आसालाच जोडलेलं, ते जमिनीपासून दोन इंच वर जायला हवं तर चार इंचांनी मोठे टायर लागतात, कारण निम्मी वाढ चाकाच्या वरच्या बाजूला जाते. ते टायर घातले तर मडगार्डला घासतात. म्हणून आधी गाडीचं सगळं धूड चाकांपासून चार इंच वर उचलायचं, म्हणजे जास्त कमानीचे पाटे घालायचे. (पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या. मलाही माहीत नव्हतं, इतकी वर्षं त्यांच्यावरच बसत होतो.) मला पटकन कळलं. पोटरीला जागा हवी तर पँटचा घेरच वाढवावा लागतो, नुसती खाली सोडून भागत नाही. मी हे बोलून दाखवलं. त्यावर जो हं आला तो मी पूर्वी ऐकला नव्हता.

आता माझी चूक सांगतो. कुणाला सांगितलेली नाही, म्हणजे मिस्त्री, पाटेवाला, आई आणि गल्ली सोडून कुणाला नाही. पाट्यांचं माप द्यायला पाटेवाल्याकडे मी एकटाच गेलो. चार इंच सांगायचे होते. पण मावशी, तीस वर्षं हा हात माप लिहितो आहे, आणि तीस वर्षांत त्यानं एकदाही नेमकं माप लिहिलेलं नाही. कापड धुतल्यावर आकसतं, गिऱ्हाईक लग्न झाल्यावर सुटतं, म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडायची असते. जास्तीचं कापड आत असलं की पुढे उसवून वाढवता येतं. माझ्या हातानं माझ्या देखत कागदावर सहा इंच लिहिले आणि मला काही वावगं वाटलं नाही.

पाटे आले, मिस्त्रीनं शेडमध्येच गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि आठवडाभर आम्ही दोघं तिच्याखाली उताणे पडलो. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले, एकेका बोल्टनं नाकी नऊ आणले. मी पाना धरायचो, मिस्त्री हं म्हणायचा. (मी खाली पडून शीळ घालतो असा आईचा आरोप आहे. मला काही आठवत नाही.) पाटे बसले, गाडी खाली सोडली, धूड किती उचललं गेलं ते बघायला मी ऐटीत टेप लावला. चार यायला हवे होते. नऊ इंच. पुन्हा लावला. नऊ. मिस्त्रीनं टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः लावला, आणि ओळख झाल्यापासूनचं पहिलं अख्खं वाक्य बोलला. "तू किती सांगितले होतेस?"

मी म्हटलं सहा, कापड आकसतं म्हणून. मग त्याची मान हळूहळू खाली गेली आणि त्यानं कबूल केलं की पाटा ज्या कडीला लटकतो ती कडी त्यानंही लांब घातली होती, लोखंड बसतं म्हणून. त्यातून एक इंच वाढला. उरलेले दोन शोधायला आम्ही पाटेवाल्याकडे गेलो, तर तो गडी आमची वाटच बघत होता, शाबासकीसाठी. म्हणाला, तुम्ही सहा लिहिलेत, मी आठ केले, नवे पाटे ओझ्यानं दोन इंच दबतातच. मग त्या दोन इंचांची वाट बघणं आलं. गाडीत दुकानातले कापडाचे गठ्ठे भरले, जुन्या शिवणयंत्रांचे दोन लोखंडी पाय ठेवले, वर मिस्त्री बसला, पाटेवाला बसला, पलीकडचे पेन्शनर गृहस्थ चौकशीला आले होते त्यांनाही बसवलं. तासभर सगळे गप्पा मारत बसले. पाटे अर्धं बोट दबले. सगळे उतरले तसे पुन्हा वर आले. पाटेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, इतके चांगले पाटे माझ्या हातून आजवर झाले नव्हते. पुन्हा भट्टीत घालून कमी करायचे तर दोन महिने, आणि तोवर ओढ्याला पाणी येणार. म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. मी म्हटलं, राहू दे नऊ. त्यात टायरांचे दोन. थोरली अकरा इंचांनी उंच झाली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण दुकानात एक गिऱ्हाईक एका बाहीत उभं आहे. अकरा इंचांमुळे ती शेडच्या दारातून बाहेर येईना. तेव्हा वरचं कापडी हूड काढलं, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली आणि मिस्त्रीनं मान स्वतःच्या मांडीपर्यंत वाकवून ती बाहेर काढली. बाहेर आल्यावर कळलं की गाडी सरळ जायला हवी असेल तर स्टेअरिंग डावीकडे वळवून धरावं लागतं. ते त्यानं सरळ केलं. मग पोटातून घरघर येऊ लागली, तीही त्यानं कुठेतरी पाचर मारून थांबवली. पण एक गोष्ट मात्र मला दिसली, त्याला नाही, आणि ती मी लिहिणारच. पहिल्यांदा रस्त्यावर काढायच्या आधी मी वाकून खाली बघितलं, तर चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी ताठ झाली होती. बाकी सगळं वर गेलं, ही बिचारी होती तेवढीच राहिली. शिवण अशी ताणलेली दिसली की पुढे काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. मी म्हटलं, मिस्त्री, हा टाका सुटणार. तो आडवा झाला, बघितलं, बाहेर आला आणि बराच वेळ कपड्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बापावर गेलास." मावशी, मी शेडच्या मागे जाऊन उगाचच थोडं पाणी प्यालो. नळी त्यानं लगेच लांब घातली. ब्रेक आता उत्तम आहेत, तू त्याची काळजी करू नकोस.

हे सगळं चाललं होतं तेव्हा तुझं मागचं पत्र आलं. आई वाचता वाचता मध्येच थांबली, चष्मा काढून पुसला, खोकली, आणि म्हणाली, "रस्ता तसाच आहे म्हणते अक्का." मी म्हटलं, असू दे तसाच, आपण आलोच. त्यावर आई म्हणाली, घाई करू नकोस, नीट कर. इतका धीर तिला कुठून आला कोण जाणे. एरवी चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेते.

आणि मग मागच्या रविवारी, सगळं झाल्यावर, गाडी धुऊनपुसून दाराशी लावली, आईला हाक मारली, ती नवी चप्पल घालून हातात पर्स घेऊन बाहेर आली, आणि गाडीपुढे उभी राहिली. गाडीत पाय ठेवायची जागा तिच्या कमरेला लागत होती. आम्ही तिघं पुरुष (पाटेवाला स्वतःचे पाटे बघायला आला होता) एकमेकांकडे बघू लागलो. धोंड्यांची उंची मोजली होती, पाट्यांची मोजली होती, शेडच्या दाराचीसुद्धा उशिरा का होईना मोजली होती. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचं माप कुणीच घेतलं नव्हतं. आणि मी म्हणे मापं घेण्यात तरबेज! स्टूल आणलं, ते डुगडुगलं. खुर्ची आणली, आई म्हणाली, मी काय सर्कशीत आहे? उचलून ठेवू म्हटलं तर तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यावर मिस्त्रीसुद्धा हं म्हणाला नाही.

शेवटी तोडगा आईनंच काढला. आमचा मागच्या दाराचा ओटा गाडीच्या पायरीच्या बरोबरीत येतो. गाडी मागे नेऊन ओट्याला चिकटवली, आणि आई या खोलीतून त्या खोलीत जावं तशी सरळ चालत आत गेली आणि बसली. पर्स मांडीवर घेतली. इतक्या वरून तिला शेजारच्यांचं अंगण पहिल्यांदाच दिसलं, आणि गेल्या वर्षी वाऱ्यानं उडालेली आपली निळी चादर तिथल्या दोरीवर वाळत असलेली दिसली. ते प्रकरण वेगळं, त्याला वेगळं पत्र लागेल. मग तिचा हात समोरच्या दांड्यावर गेला. आठवतो तुला? खड्ड्यांत आईला धरायला बाबांनी त्या दांड्याला चामडं शिवलं होतं. घरात शिवणारा मुलगा असताना स्वतः शिवलं, अंधारात शिवल्यासारखे वाकडे टाके घालून. सगळी गाडी उसवली, तो दांडा मात्र मी तसाच ठेवला, एक टाका बदलला नाही. आई त्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसली होती. मी ओट्यावर उभा होतो. म्हटलं, आई, चादर परत आणू का? ती म्हणाली, तू आधी गाडी चालव.

गल्लीतून तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला ती माझ्याकडे न बघता म्हणाली, चालवतोस बरा. तेव्हा येत्या रविवारी निघतो. ओढ्यापाशी मी हळू घेईन, मिस्त्री मागे बसून हं म्हणेल, आणि दुपारपर्यंत तुझ्या दाराशी असू. तुम्हा दोघींची भेट व्हावी एवढंच आता माझ्या डोक्यात आहे, दुसरं काही सुचत नाही. कालच एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी तीन बाह्या बेतल्या. जपून राहा. काठी वापर. मांजरीला माझा नमस्कार सांग, मला ओरबाडलं होतं तिनं, तरीही.

तुझाच,
धाकटा

ता. क. हे सगळं लिहिण्यामागचं खरं काम सांगायचं राहिलंच. आईला चढवायचं जमलं, उतरवायचं काय? तिकडे आमचा ओटा नाही. तेव्हा तुझ्या घराच्या ओट्याची उंची मोजून कळव. एकतीस इंच हवी. कमी असेल तर वर विटा रचायला लावीन, मिस्त्रीला सोबत आणतोच आहे. टेप नसेल तर दोरीला गाठ मारून पाकिटात पाठव.

ता. क. दुसरा. मोजताना माया सोडू नकोस. आहे तेवढंच माप दे, बाकी आमच्याकडे भरपूर आहे.

(हे पुढचं माझं अक्षर.)

अक्का,

पाकीट मी चिकटवते म्हणून त्याच्याकडून घेतलं. तो शर्टाची बाही उसवायला गेला आहे. रस्ता झाला, ओढ्यावर पूल झाला, भाड्याची गाडी दाराशी येते, हे तुझं सगळं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं नाही. दीड महिना झाला. मला तेव्हाच निघता आलं असतं. तू मोठी आहेस, काय रागवायचं ते भेटल्यावर रागव.

हे गेल्यापासून घरात दोन माणसं दोन खोल्यांत बसत होतो. तो दुकानातून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्या गाडीखाली गेल्यापासून शीळ घालतो. यांच्यासारखीच, अगदी बेसूर. त्या दिवशी तुझं पत्र हातात होतं, रस्ता झाला असं समोर लिहिलेलं होतं, आणि तो तोंडाला ग्रीस फासून हसत बसला होता. माझ्याच्यानं वाचवेना गं. तुझी इतकी आठवण येत असून मी दीड महिना काढला, यावरून काय ते समज.

आता एक काम कर. पुलाच्या अलीकडे कुणाकडून तरी चार धोंडे रस्त्यात टाकून ठेव. दहा इंचांचे, नीट मोजून. तो टेप लावल्याशिवाय राहणार नाही. आणि विचारलं तर पूल कालच झाला म्हण.

ओट्याचं मात्र त्यानं लिहिलंय ते खरं आहे. गाडी भलतीच उंच झाली आहे. ओटा नसेल तर मी नुसती वर बसून राहीन आणि तू खाली, आणि मला तुझ्या गळ्यात पडून रडायचं आहे.